चहा, पाणी आणि तीन दिवसांची वही

शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५. दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. मी भूगोल शिकवते, त्यामुळे त्या दिवशी पर्यवेक्षणाच्या यादीत माझं नाव होतं. पेपर अकरा ते दोन, वर दहा मिनिटं जादा. पण पर्यवेक्षकाला वर्गात त्याच्या बरंच आधी जावं लागतं, आणि नंतर उत्तरपत्रिका गोळा करून, मोजून, जमा करेपर्यंत सुटका नसते. एकूण चार तास धरा. सकाळी साडेसहाच्या चहानंतर मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. केंद्रावर सगळ्यांबरोबर अर्धा-पाऊण कप चहा झाला, वर जायच्या आधी बाथरूमला जाऊन आले. एवढं करूनही साडेबाराला एवढी जोराची लागली की उभं राहवेना. त्याच वेळी मागच्या बाकावरच्या मुलाने पुरवणीसाठी हात वर केला. मी त्याच्यापर्यंत पोचले, पुरवणी दिली, सही केली, आणि तिथेच लघवी सुटली. पॅड होतं, पण ते पुरलं नाही. साडी गडद हिरवी होती म्हणून कुणाला दिसलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत मी मागच्या खिडकीशी उभी राहिले.

हा त्रास त्याआधी दोन-अडीच वर्षं होता. सुरुवातीला शिंकताना, जोरात हसताना, एसटीची पायरी चढताना दोन थेंब. मग घराचं कुलूप उघडताना घाई, नळाचा आवाज आला तरी घाई. वय ४९, दोन बाळंतपणं, पाळी अनियमित झालेली. माझ्या आईला, आत्याला मी हेच सोसताना पाहिलं होतं, त्यामुळे हे वयाबरोबर येतंच असं मी धरून चालले होते. उपाय माझे मीच ठरवले होते: बाहेर पडायचं तर पाणी प्यायचं नाही, जिथे जाईन तिथे आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचं, फिकट रंगाच्या साड्या नेसायच्या नाहीत, लांबच्या लग्नांना जायचं नाही. पॅडवर महिन्याला साडेचारशे-पाचशे रुपये जात होते, आणि तो खर्च मी किराणाच्या हिशेबात लपवत होते. घरात यांनाही नीट सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर सांगितलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, दोन वर्षं? गुडघा दुखला असता तर पहिल्या आठवड्यात गेली असतीस."

पुढच्या पेपरांना मी एका सहकारी बाईंना विश्वासात घेतलं. त्यांनीच केंद्रसंचालकांशी बोलून मला रिलीव्हरचं, म्हणजे वर्गावरच्या पर्यवेक्षकांना थोडा वेळ सोडवायचं, काम मिळवून दिलं. कारण एवढंच दिलं की तब्येत बरी नाही. नोकरीत असाल तर असं एक माणूस शोधून ठेवा, सगळ्यांना सगळं सांगायची गरज पडत नाही.

परीक्षा १७ मार्चला संपल्या आणि शनिवारी, २२ मार्चला, मी साताऱ्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. संध्याकाळी सहाचा नंबर होता, आत जायला साडेआठ झाले. काउंटरवरच्या मुलीने भरल्या वेटिंगमध्ये विचारलं, "काय त्रास होतोय, काकू?" माझ्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी मी तिच्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं: "लघवी धरवत नाही." तिने वाचलं आणि काही न बोलता कागद फाइलमध्ये ठेवला. तुम्हीही घरूनच लिहून न्या. त्याबरोबर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, कारण बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. माझी तशी नव्हती, पण तो प्रश्न आलाच.

मॅडमनी बरंच विचारलं. बाळंतपणं कशी झाली, बाळांची वजनं किती होती, जळजळ होते का, लघवीतून कधी रक्त गेलं का, जुना खोकला आहे का, शौचाला साफ होते का. शेवटच्या प्रश्नावर मी "हो, तशी होते" म्हटलं, आणि ते खरं नव्हतं. मग तपासणी झाली. टेबलावर झोपवून त्यांनी खोकायला सांगितलं. मी आधीच म्हटलं, "मॅडम, खोकले तर होईल." त्या म्हणाल्या, "व्हायला हवं, तेच बघायचंय मला." हे वाक्य ऐकून माझी अर्धी लाज गेली. फी ६०० रुपये. औषध एकही नाही. लघवीची साधी तपासणी, लघवीचं कल्चर म्हणजे जंतूंची तपासणी, साखर, पोटाची सोनोग्राफी एवढं लिहून दिलं, आणि एक छापील तक्ता हातात दिला. तीन दिवस जे प्याल ते आणि जेवढी लघवी होईल ती, दोन्ही मोजून लिहायचं.

सोनोग्राफी सोमवारी, २४ तारखेला. अर्धा दिवस किरकोळ रजा टाकली. या तपासणीला मूत्राशय भरलेलं लागतं. तासभर आधी चार ग्लास पाणी पिऊन थांबायचं, लघवीला जायचं नाही. ज्या बाईला अर्धा तास धरवत नाही तिला हे सांगणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. माझ्या आधी सहा जण होते. वीस मिनिटांनी मी काउंटरवर जाऊन सरळ सांगितलं की मला धरता येत नाही, त्याचीच तपासणी आहे, मला आधी घ्या किंवा नंबर जवळ आल्यावर पाणी पिऊ द्या. त्यांनी लगेच आत घेतलं. हे आधीच बोलून ठेवा, त्यांना यात नवीन काही नसतं. भरलेलं मूत्राशय बघून झालं की लघवीला पाठवतात आणि परत बघतात, आत किती उरली ते मोजायला. माझी २० मिली उरली होती, म्हणजे मूत्राशय नीट रिकामं होत होतं. सोनोग्राफीचे १,२०० रुपये झाले, बाकी तपासण्यांचे मिळून १,१५०. कल्चरला तीन दिवस लागले, जंतू नव्हते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.९ टक्के निघाली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. तेही त्याच आठवड्यात कळलं.

आता वहीबद्दल लिहिते, कारण माझं सगळं फिरलं ते वहीमुळे.

भांड्यांच्या दुकानातून ४० रुपयांचा, मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणला. तो बाथरूमसाठी. घरातला चहाचा कप, पाण्याचा ग्लास, शाळेतला कागदी कप यांत पाणी भरून एकदा मोजून ठेवलं. घरचा कप १०० मिली, ग्लास २०० मिली. तक्त्याचे रकाने मी वहीत आखून घेतले: वेळ, काय प्यायलं, किती मिली, लघवी किती, घाई किती, गळली का, तेव्हा काय करत होते. दिवस निवडले २८, २९ आणि ३० मार्च. पहिला शाळेचा पूर्ण दिवस, दुसरा सकाळच्या शाळेचा शनिवार, तिसरा गुढीपाडवा. पाडव्याला पाहुणे असतात म्हणून मी तो दिवस टाळणार होते. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "उलट तोच ठेवा. रोजचं जगणं लिहायचंय, चांगलं वागून दाखवायचं नाही."

शाळेच्या दिवसाचं पान अजून माझ्याकडे आहे. सकाळी साडेसहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत पाच कप चहा आणि १५० मिली पाणी. तेही बीपीच्या गोळीबरोबर आणि डब्यानंतरचे दोन घोट. संध्याकाळी घरी आल्यावर दोन कप चहा, आणि मग दिवसभराची तहान भागवायला झोपेपर्यंत ८५० मिली पाणी. एकूण १,७०० मिली. लघवीला दिवसभरात अकरा वेळा, रात्री उठून दोनदा. बहुतेक वेळा फक्त ८० ते १२० मिली. तीन दिवसांत अकरा वेळा गळली होती, त्यातली सात वेळा चहा झाल्यावर तासाभरात. पाडव्याला नऊ कप चहा झाला होता. प्रत्येक पाहुण्याबरोबर बसायचं आणि कप हातात घ्यायचा, हे इतकं अंगवळणी पडलेलं की लिहिलं नसतं तर मी शपथेवर पाच सांगितले असते.

५ एप्रिलला वही घेऊन परत गेले. या वेळी फी ४००, थांबणं तासभर. मॅडमनी पेन घेऊन दोन जागी गोल केला. पहिला गोल संध्याकाळच्या ८५० मिलीवर. "तुम्ही पाणी कमी पीत नाही. चुकीच्या वेळी पिता. दिवसभर कोरडं ठेवता, रात्री भरता, म्हणून रात्री उठता." दुसरा गोल सकाळच्या पहिल्या लघवीवर, ती ३५० मिली होती. "झोपेतून उठल्यावर साडेतीनशे मावते, मग दिवसा शंभरालाच का पळायचं?" मी गप्प बसले. मूत्राशय लहान झालंय अशी माझी पक्की समजूत होती.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत असं. माझा त्रास दोन्ही जातींचा मिळून होता. खोकल्या-शिंकल्यावर गळते ती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने, आणि अचानक घाई होऊन सुटते ती मूत्राशय वेळेआधीच आकसल्याने. पाणी तोडलं की लघवी घट्ट आणि गडद होते, ती मूत्राशयाच्या अस्तराला चुरचुरते आणि घाई वाढते. वर चहातलं कॅफिन लघवीही वाढवतं आणि मूत्राशयालाही डिवचतं. आणि दर तासाला "असू दे, जाऊन येऊ" म्हणत गेलं की मूत्राशयाला तेवढ्यावरच हाक मारायची सवय लागते. निघताना जाऊन ये, हे आईने लहानपणापासून शिकवलेलं. चाळीस वर्षांनी ते सोडायचं होतं.

तसंच त्यांनी परत विचारलं, "शौचाला खरंच साफ होते?" या वेळी खरं सांगितलं. दोन-दोन दिवस होत नव्हती, झाली तर कुंथावं लागायचं. आतडं भरलेलं असलं की ते मूत्राशयावर दाब देतं, आणि कुंथून कुंथून खालचे स्नायू आणखी सैल होतात. पाणी तोडण्याचा हा दुसरा दंड मी भरत होते.

औषध सहा आठवड्यांनी बघू म्हणाल्या. मूत्राशय शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठता होते, आणि तीच माझ्याकडे आधीपासून होती.

पहिलं काम पाण्याचं. तेवढंच पाणी, फक्त दिवसा. उठल्यावर एक ग्लास, आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत दर दीड-दोन तासांनी एक, एका दमात नाही, घोट घोट. त्यानंतर फक्त गोळीपुरतं. लिटरच्या बाटलीवर मी मार्करने चार रेघा आणि त्यांच्यासमोर वेळा लिहिल्या. आमटी, ताक, कलिंगड, काकडी हेही पाण्याच्याच हिशेबात धरायचं असतं. एप्रिलच्या उन्हात घाम जास्त, म्हणून दोन लिटरपर्यंत मुभा होती, खूण एकच: लघवीचा रंग फिका पिवळा हवा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचं माप स्वतःच्या डॉक्टरांकडूनच घ्यावं.

पहिला आठवडा वाईट गेला, हे मुद्दाम सांगते. दिवसा पाणी सुरू केल्यावर लघवीही दिवसा वाढली आणि दोनदा साडी बदलावी लागली. तिसऱ्या दिवशी मी रडले आणि बाटली कपाटात ठेवून दिली. यांनीच ती काढून भरून दिली. दहाव्या दिवसापासून फरक पडू लागला. आधी रात्रीचं उठणं दोनावरून एकावर आलं.

चहा एकदम सोडू नका. मी पहिल्या उत्साहात सातावरून दोनावर आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं ठणकायला लागलं. चहा सोडल्यानेही डोकं दुखतं, हे तेव्हा नीट कळलं. मग मॅडमच्या सांगण्याप्रमाणे दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी केला. ग्रीन टी घेऊन उपयोग नाही, त्यातही कॅफिन असतं. नुसता गवती चहा, चहापावडर न घालता उकळलेला, चालतो. त्यात आलं आणि चिमूटभर गूळ घालून मी दुपारचा कप भागवला. कठीण होतं ते दुसऱ्यांच्या घरी. आपल्याकडे चहाला नाही म्हटलं की माणसं दुखावतात. "चहा नको, पण पाणी द्या, गार नको, माठातलं द्या" असं मी काहीतरी मागून घ्यायला लागले. हातात पेला असला की समोरच्याला बरं वाटतं.

खाण्याबद्दल मला मोबाइलवर याद्या आल्या. टोमॅटो बंद, तिखट बंद, आंबट बंद, दही बंद. सगळं मानलं असतं तर भाकरी आणि मीठ उरलं असतं. ज्यांच्याकडे मी पुढे व्यायाम शिकले त्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी बरा मार्ग सांगितला: एका वेळी एकच पदार्थ आठवडाभर बंद करा, मग परत खा, आणि वहीत बघा. माझ्या वहीत टोमॅटोने काही फरक दिसला नाही. जेवणातल्या मिरचीच्या ठेच्यानेही नाही. लिंबू सरबत आणि बाटलीतली फसफसणारी पेयं मात्र मला चटकन त्रास द्यायची. तुमचं वेगळं निघेल. रात्रीच्या जेवणातलं लोणचं, पापड मी कमी केलं, कारण खारट खाल्लं की झोपताना तहान लागते.

सगळ्यात मोठा धडा गुरुवारच्या उपवासाचा. दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, दाणे आणि दिवसभर चहा. वही पुढेही चालू ठेवली होती, तिच्यात दिसलं की शुक्रवार-शनिवार शौचाला होत नाही आणि त्याच दोन दिवशी गळणं वाढतं. उपवास सोडायचा नव्हता. साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि भगर, दुपारी पपई, आणि पाणी नेहमीसारखं, असा बदल केला. इतर दिवशी पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, रोज एक पालेभाजी, मोडाची उसळ, रात्री भिजवलेल्या दहा-बारा मनुका. हे सगळं पाण्याबरोबरच वाढवायचं, कोरड्या पोटात नुसता कोंडा वाढवला तर शौच आणखी घट्ट होते. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घेतला. तीन आठवड्यांत कुंथणं थांबलं.

१२ एप्रिलपासून फिजिओथेरपी. सहा वेळा गेले, दर वेळी ५०० रुपये. खालचे स्नायू आत आणि वर ओढून धरायचे, अमेरिकेतल्या डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम. मी मोबाइल बघून वर्षभर तो करत होते आणि चुकीचा करत होते, पोट आणि मांड्याच आवळत होते. आठ वेळा आवळायचं, असं दिवसातून तीनदा, श्वास न रोखता. किमान तीन महिने. घाई आली की पळायचं नाही: जागच्या जागी थांबायचं, तीन-चारदा आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग सावकाश जायचं. शिंक यायच्या आधी आवळायचं. लघवीला जाण्यातलं अंतर पाऊण तासापासून सुरू करून दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं.

१७ मेला परत वही घेऊन गेले. दिवसाला चहा दोन कप, एकूण पिणं १,७५० मिली, लघवीला सात-आठ वेळा, दर वेळी २०० ते २५० मिली, रात्री एकदा. तीन दिवसांत गळली दोनदा, दोन्ही वेळा खोकताना. मॅडम म्हणाल्या, गोळी नको, हेच चालू ठेवा आणि वजन उतरवा. माझं वजन ७१ किलो होतं. २००९ साली अमेरिकेत ३३८ स्थूल महिलांवर झालेल्या अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं. सहा महिन्यांत साधारण आठ टक्के वजन उतरवलेल्या गटात लघवी गळण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. त्या आकड्याने मला चालायला बाहेर काढलं. आज ६६ आहे, आणि साखरही उंबरठ्यावरून मागे आली.

१६ जूनला शाळा सुरू झाली. मुख्याध्यापक बाईंना भेटून तिसऱ्या तासानंतरचा तास मोकळा मागितला, तो मिळाला. वर्गात बाटली टेबलावर ठेवायला लागले. नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही पाणी पीतच नाही. परत बाथरूमला जावं लागतं ना." मी विचारलं तर वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींचं तेच. चौदा वर्षांच्या मुली, आणि माझंच वेळापत्रक. मुलींच्या बाथरूमच्या कडीसाठी आणि पाण्याच्या नळासाठी मी शाळा व्यवस्थापनाला दोन लेखी अर्ज दिले. कडी बसली, नळ व्हायचाय. माझ्या तासाला मुलीने विचारलं तर मी नाही म्हणत नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माउलींची पालखी लोणंदला आली. लोणंद ते तरडगाव हा टप्पा चालायचं माझं तीन वर्षांपासून राहत होतं, या वेळी मोठ्या जाऊबाईंबरोबर गेले. एसटीने अर्ध्या तिकिटात लोणंद, मग पायी. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण बघायला दीड तास उभी होते, गर्दीत, बाथरूम कुठे आहे हे न बघता. जाऊबाईंना दोनदा बाटली पुढे केली, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा हळूच म्हणाल्या, "नको गं, सकाळपासून नाही प्यायले. मला जमत नाही बाहेर." तरडगावात फिरत्या शौचालयांच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या होतो तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. परीक्षेच्या वर्गापासून वहीपर्यंत.

आजवरचा खर्च सहा-साडेसहा हजार झाला. त्यातला मोठा भाग सोनोग्राफी आणि फिजिओथेरपीचा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत, हे मला आधी माहीत असतं तर तिथूनच सुरुवात केली असती. सर्दी झाली की अजून एखादा थेंब गळतो. पातळ पॅड पर्समध्ये असतं, रोज लावत नाही.

परवा रात्री जाऊबाईंचा फोन आला. वही आखून झाली होती. "अगं, आमच्या पितळी तांब्यात किती मिली मावतं? त्यानेच पिते मी," म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, मोजायचा मग उद्या एसटीने पाठवते."